कोण्या पार्टीनं पाठवलं?

बायकोनं अन् मी शेवटचं काम संगं केलं ते भाताच्या रोवण्याचं. "तुमची ओळ वाकडी हाय," म्हणत तिनं माझी रोपं उपटून पुन्हा लावली. शेताच्या त्याच बांधीत तिला साप चावला. आमच्या गावच्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन नव्हतं.

तेरवी झाल्यावर, ते इंजेक्शन ठेवा, असा अर्ज घेऊन मी साकोलीला आमदाराकडं गेलो. त्यानं अर्ज वाचला नाही, उलटून मागं कोणाची सही आहे ते पाहिलं. फोटो निघेपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात खरा वाटला नाही.

मग हळूच म्हणाला, "बाबाजी, कोण्या पार्टीनं पाठवलं तुमाले?"

"रोवण्याच्या बायांनी."

तो हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोवणा थांबवून त्या साऱ्या बाया मी त्याच्या दारात नेऊन उभ्या केल्या.