मॅच संपेपर्यंत कुणी हलायचं नाही

माजिवड्याला आमच्या चाळीत टीव्ही आमचाच, म्हणून शेजारचा तो ख्रिस्ती मुलगा क्रिकेट बघायला आमच्याकडेच यायचा. हातात जपमाळ आणि बाजूला त्याचा कारखान्यातला मित्र, हे ठरलेलं. आपली बॅटिंग आली की कुणाला जागा बदलू द्यायचा नाही, विकेट पडते म्हणे! मी एकदा चिडवलं, "देव मॅच बघतो का रे?"

"मॅचचं माहीत नाही मावशी, पण मला बघतो. त्याचीच भीती वाटते."

एका रविवारी शेवटची ओव्हर चालू होती. त्यानं मित्राचा हात घट्ट धरलेला. समोरच्या खोलीतले भाऊ ओरडले, "अरे सोड की, बायको आहे का तुझी?" सगळे हसले. तो पांढराफटक पडला, पण म्हणाला, "बायको नाही भाऊ, पण माझं माणूस हाच आहे. नाही सोडणार."

हसणं थांबलं. भाऊ तावातावानं उठायला लागले. मी म्हटलं, "बसा खाली! मॅच संपेपर्यंत कुणी हलायचं नाही."

पुढच्या रविवारी तो एकटाच आला आणि दारातच थांबला. "मावशी, आत येऊ?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं हो त्यानं.

"ये. आणि तो कुठाय? दोघांची जागा धरून ठेवलीय मी."