एका बोटानं दाखवा

विमलताई मेश्राम बॅडमिंटन हॉलमध्ये आल्या की कुणाच्या चेहऱ्याकडे न बघता आधी हातांकडे बघायच्या. "अंगठी," एवढाच शब्द. मग ज्याच्या बोटात अंगठी असेल तो निमूटपणे ती काढून पाकिटात टाकायचा. साखरपुडा होऊन चार दिवस झालेल्या एका मुलीनं एकदा विचारलं, "काकू, हीसुद्धा?" विमलताई म्हणाल्या, "मार लागून बोट सुजलं की अंगठी कापावी लागते. लग्नाआधीच कापायची असेल तर राहू द्या." मुलीनं अंगठी काढली.

येरवड्यातला आमचा हॉल म्हणजे उंच पत्र्याचं छप्पर, तीन कोर्टं आणि भिंतीलगत एक लांब बाक. सकाळी सहा ते आठ आमची बॅच. खराडीच्या ऑफिसांत दिवसभर खुर्चीत बसण्याआधी धावून घेणारी माझ्यासारखी चाळिशीतली माणसं, पंचविशीतली काही मुलं आणि दोन-तीन निवृत्त मंडळी. विमलताई त्या निवृत्तांतल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, मनगटानं मजबूत. ओढणी कमरेला गच्च बांधायच्या आणि डबल्समध्ये फारशा न हलता शटल नेमकं अशा जागी टाकायच्या की धावपळ समोरच्यांनी करावी. एका सरकारी रुग्णालयात, हाडांच्या विभागात त्यांनी सिस्टर म्हणून अख्खी नोकरी केली होती. त्यातली बरीचशी वर्षं प्लास्टर रूममध्ये. माहेर नागपूरचं. पुण्यात इतकी वर्षं काढूनही "काय करून राहिले तुम्ही?" हे काही त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं. पुण्याचा तिरकसपणा मात्र त्यांनी पुरेपूर उचलला होता.

माझी त्यांच्याशी खरी ओळख माझ्या उजव्या मनगटामुळे झाली. मागे सरकताना मी पडले आणि पडताना हात जमिनीवर टेकला. मनगट थोडं सुजलं. त्याच दिवशी एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. पुढच्या आठवड्यात ऑफिसची स्पर्धा होती, त्यामुळे दोन दिवसांनी मी क्रेप बँडेज गुंडाळून पुन्हा हॉलमध्ये हजर. विमलताईंनी बँडेजकडे पाहिलं.

"कुठं दुखतं?"

"असं सगळंच मनगट," मी तळहात फिरवून म्हणाले.

"असं नाही. एका बोटानं दाखवा."

मला दाखवता येईना. तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठा ताठ वर करायला लावला. तसं केलं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटापाशी एक छोटा खळगा पडतो. त्या खळग्यात त्यांनी आपलं बोट हलकेच टेकवलं. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबला.

"पण रिपोर्ट नॉर्मल आहे, ताई," मी मोबाइल पुढे करत म्हणाले.

"रिपोर्ट नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. "हात नाही."

मग बाकावर बसवून त्यांनी समजावलं. त्या खळग्याखाली काजूच्या आकाराचं एक लहान हाड असतं. त्याची चीर पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसतच नाही. त्याला रक्तपुरवठाही बेताचा, त्यामुळे दुर्लक्ष केलं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं अडून बसतं. "मी डॉक्टर नाही. माझं ऐकू नका. हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि इथं दुखतं म्हणून बोट ठेवून दाखवा. पुढचं ते बघतील."

डॉक्टरांनी मनगट पट्टीत बांधलं, बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढला. चीर होती. आठ आठवडे प्लास्टर पडलं. प्लास्टर घातलं त्या दिवशी विमलताईंचे मला तीन फोन आले. तिन्ही वेळा तेच प्रश्न: "बोटं हलवून बघ. सरळ होतात का पूर्ण? बधिर वाटतं का? दुखणं वाढून राहिलं का?" तिसऱ्या फोनला मी मीटिंगमध्ये होते. जरा चिडूनच म्हणाले, "अहो ताई, सगळं ठीक आहे." त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. एवढी कसली काळजी करतात या, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं.

हळूहळू हॉलमधली सगळीच माणसं त्यांच्याकडे येऊ लागली. त्यांची पद्धत ठरलेली. आधी, एका बोटानं दाखवा. एका बोटानं नेमकी जागा दाखवता आली की त्या गंभीर होत आणि बहुतेक वेळा डॉक्टरांकडे धाडत. तळहात फिरवून दाखवलं की म्हणत, "रविवारी खेळायला मिळालं नाही, त्याचा राग तुम्ही खांद्यावर काढला. दोन दिवस विश्रांती, फडक्यात गुंडाळून बर्फ, पंधरा मिनिटं. तेल नाही, मालिश नाही, शेक नाही." कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते म्हणणाऱ्याची रॅकेट त्या आधी हातात घेत, मुठीची जाडी बघत, मग विचारत, "ही तुम्ही धरता की गळा दाबता हिचा?" करंगळीवर शटल नव्हे, जोडीदाराची रॅकेट बसून एकाच्या बोटाचं टोक खाली लोंबायला लागलं. त्याला दुखत नव्हतं, म्हणून तो हसत होता. विमलताई हसल्या नाहीत. आइस्क्रीमच्या काडीवर ते टोक सरळ बांधलं आणि तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. "पट्टी बदलतानाही वाकू द्यायचं नाही. एकदा वाकलं की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे."

त्यांचं एका माणसाशी मात्र पटत नसे. देशमुख म्हणून साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आमच्यात होते. व्यायामाचं शरीर, आवाज मोठा, बॅगेत कायम दुखण्यावरचा स्प्रे. कुणी 'आई गं' म्हटलं की ते स्प्रे घेऊन धावत. मनाचे चांगले, पण हाताला थांब ठाऊक नाही. "हे साहेब भिंतीला तडा गेला तरी स्प्रे मारतील," असं विमलताई त्यांच्या देखत म्हणायच्या.

एका सोमवारी संकेत पडला. खराडीतल्या एका कंपनीत नोकरी करणारा, चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. जाळीजवळचं शटल उचलायला त्यानं अंग झोकून दिलं आणि पसरलेल्या हातावर आपटला. उठून बसला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. डाव्या हातानं त्यानं उजवा हात धरून ठेवला होता आणि उजव्या खांद्याची गोलाई नाहीशी होऊन तिथं चौकोनी कोपरा आला होता.

"खांदा निखळलाय," देशमुख पुढे झाले. "त्याला झोपवा. मी पाय लावून ओढतो, एका मिनिटात बसेल. कॉलेजात असताना दोघांचे बसवलेत मी."

"हात लावू नका." विमलताईंचा इतका चढलेला आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

"अहो, पोरगं कळवळतंय!"

"ते दोघं आता कुठं असतात, देशमुख साहेब? हात वर जातो का त्यांचा? विचारलं कधी?"

देशमुखांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही सिस्टर आहात. डॉक्टर नाही."

"म्हणूनच तर डॉक्टरकडे नेऊन राहिले," त्या म्हणाल्या आणि संकेतच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या.

पुढची पाच मिनिटं मी त्यांना काम करताना पाहिलं. आवाज एकदम खाली आला होता. "संकेत, बाळा, तुला जसा धरून बरं वाटतं तसाच धर. मी हलवणार नाही." त्यांनी मनगटाची नाडी पाहिली. बोटं हलवायला लावली. खांद्याच्या बाहेरच्या अंगाला बोट टेकवून विचारलं, "इथं लावलेलं कळतं का?" टॉवेलची गुंडाळी करून त्याचा हात आणि बरगड्या यांच्यामध्ये अलगद सरकवली आणि कमरेची ओढणी सोडून तिची झोळी केली. कुणीतरी ग्लुकोजचं पाणी आणलं. त्यांनी ते परत पाठवलं. "पाणी नको. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं पाहिजे." संकेत म्हणाला, "काकू, खूप दुखतंय." त्या म्हणाल्या, "हो. दुखत असेल. मला सांगत राहा."

गाडी माझी होती. मागच्या सीटवर संकेत आणि विमलताई. त्याच्या हाताखाली त्यांनी आपला हात घातला होता आणि त्याचं सगळं वजन स्वतःवर घेतलं होतं. नगर रोडवर सकाळची गर्दी सुरू झाली होती. रुग्णालयात पोचायला चाळीस मिनिटं लागली. या चाळीस मिनिटांत त्यांनी हात काढला नाही, बदलला नाही. मागून फक्त सूचना येत: "मंजिरी, पुढं स्पीडब्रेकर आहे. हळू. अजून हळू. मागचा वाजवतो तर वाजवू दे." आणि दर थोड्या वेळानं संकेतला, "बोटं हलव बरं."

एक्स-रेमध्ये खांदा निखळलेला होताच. शिवाय दंडाच्या हाडाला, अगदी वरच्या टोकाशी, चीर होती. तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, "कुणी ओढला नाही ना?" मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "वाचला. ओढला असता तर तुकडा सुटला असता. मोठ्या ऑपरेशनशिवाय गत्यंतर उरलं नसतं." विमलताई हे ऐकायला तिथं नव्हत्या. त्या आत संकेतला त्याच्या आईचा फोन लावून देत होत्या.

परत येताना त्या पुढच्या सीटवर बसल्या. उजव्या हाताची बोटं त्यांना नीट मिटता येत नव्हती. डाव्या हातानं त्या ती चोळत होत्या. मी म्हणाले, "ताई, देशमुखांवर केवढ्या चिडलात तुम्ही."

त्यांनी चोळणं थांबवलं. मग म्हणाल्या, "देशमुखांवर नाही चिडले."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. कबड्डीत हात मोडलेला एक तरुण वॉर्डात आला होता. कारखान्यात कामाला होता, कंपनीच्या संघातून खेळायचा. कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली. प्लास्टर झालं. विमलताईंची ड्यूटी होती. तो सारखा बोलवत होता, हात फार दुखतो म्हणून. "मी तीनदा गेले. तीनदा त्याला म्हटलं, पहिल्या दिवशी थोडं दुखणारच. तिसऱ्या वेळी वरून म्हटलं, एवढे कबड्डी खेळता आणि रडता काय. बोटं सुजली होती त्याची. सरळ होत नव्हती. मी बघितली होती, मंजिरी. बघून चादर नीट केली आणि पुढच्या खाटेकडे गेले."

प्लास्टर आतून आवळत होतं. डॉक्टरांनी ते कापलं तोवर उशीर झाला होता. आतले स्नायू मेले होते. हात राहिला, पण बोटं आत वळून तशीच राहिली.

"मला कुणी एक शब्द बोललं नाही. डॉक्टरही नाही. सगळे म्हणाले, असं होतं कधी कधी. सहा महिन्यांनी मी पत्ता काढून त्याच्या घरी गेले. त्यानं ओळखलं मला. त्याच्या आईनं चहा टाकला. तो म्हणाला, सिस्टर, एक विचारू? तेव्हा लगेच कापलं असतं तर वाचला असता का हात?"

सिग्नल लाल होता. मी त्यांच्याकडे बघितलं.

"काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. काय सांगणार? खरं तेच सांगितलं." त्या समोर बघत होत्या. "त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. मग डाव्या हातानं कप उचलून माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, चहा घ्या, गार होईल. मी घेतला. कसा घेतला माझं मला माहीत."

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तेव्हापासून कुणाला म्हटलं नाही, थोडं दुखणारच. दुखतं किती ते त्याला माहीत. मी कोण ठरवणार?"

मला माझ्या प्लास्टरच्या दिवशीचे तीन फोन आठवले.

दुसऱ्या दिवशी देशमुख आले ते हातात स्टीलचा मोठा डबा घेऊन. डब्यात बर्फाच्या चार पिशव्या होत्या. तो बाकावर ठेवून ते विमलताईंना म्हणाले, "रोज घरून आणत जाईन. फ्रीज मोठा आहे माझा." विमलताई म्हणाल्या, "फडकं पण आणा. नुसता बर्फ कातडी जाळतो." दोघांच्यात माफी या विषयावर एवढंच बोलणं झालं. त्यानंतर स्प्रे कुणी पाहिला नाही.

त्याच पावसाळ्यात विमलताईंचे गुडघे बोलू लागले आणि त्यांनी खेळणं सोडलं. येणं सोडलं नाही. सहाला सहा मिनिटं कमी असताना दारावरच्या रखवालदाराला "जयभीम" करून त्या आत यायच्या आणि बाकावर बसायच्या. दिवाळीनंतर त्यांची मुलगी त्यांना कायमचं नागपूरला न्यायला आली. आम्ही निरोप समारंभ करायचं म्हणत होतो. "शाल देणार असाल तर मी उद्यापासूनच येत नाही," असं त्यांनी बजावलं. मग आम्ही काहीच केलं नाही. नेहमीसारखे खेळलो.

त्यांच्या त्या शेवटच्या सकाळी संकेत चार-साडेचार महिन्यांनी पहिल्यांदा खेळायला उतरला होता. फिजिओथेरपिस्टनं परवानगी दिली होती, पण तो घाबरत होता. शटल डोक्यावर आलं की हात अर्ध्यावर थांबवून सोडून द्यायचा. समोर देशमुख होते. ते मुद्दाम सोपी, उंच शटलं देत होते. सातवं की आठवं शटल होतं. संकेतचा हात कानाला घासून पूर्ण वर गेला आणि रॅकेटचा स्वच्छ आवाज झाला. देशमुखांनी ते परत केलंच नाही. नुसते उभे राहिले.

मी विमलताईंच्या शेजारी बसले होते. इतके दिवस मनात असलेलं मी विचारून टाकलं, "ताई, गुडघे एवढे दुखतात, खेळता येत नाही, थंडीत येता आणि दोन तास नुसत्या बसून असता. कंटाळा नाही येत?"

त्या संकेतकडेच बघत होत्या. त्यानं पुन्हा हात वर नेला होता.

"अगं, नोकरीभर मी मोडलेलेच हात बघितले," त्या म्हणाल्या. "बरे झाले की माणसं घरी जायची. ते हात पुढं काय करतात, ते कधी बघायलाच मिळालं नाही मला."