चारशे तेरावा मीटर

सरकारी ड्रिलिंग मशीनवर काम करणाऱ्या नागपूरच्या माणसांत चंपतराव ढोक यांचं बोअर सर्वांत खोल होतं. रामटेकजवळ, चारशे बारा मीटर. ऑफिसातल्या नकाशावर प्रत्येक बोअरची टाचणी असे आणि शेजारी खोलीचा आकडा. पगाराच्या दिवशीही चंपतराव आधी नकाशापाशी जात.

१९७४च्या हिवाळ्यात कामठीजवळ नवी टाचणी लागली. कोळशाचा शोध होता आणि मशीनवर ताराचंद होता. त्याला हे काम चंपतरावांनीच शिकवलं होतं. दर शनिवारी त्याचा आकडा वाढे. तीनशे दहा, तीनशे साठ, तीनशे नव्वद. चंपतरावांचं जेवण कमी झालं.

"तिकडची जमीन नरम आहे," ते बायकोला म्हणाले. "तिथं तूही चारशे मीटर जाशील."

"मले घरची कामं आहेत," पंचफुला म्हणाली.

त्याच आठवड्यात आठवीतली मुलगी जया शाळेतून रडवेली होऊन आली. पृथ्वीचा गाभा कोणी पाहिलाय, असं चारुशीलाबाईंनी वर्गात विचारलं होतं. जयानं हात वर केला. "माझे बाबा पेटीत भरून ठेवतात." वर्ग हसला. बोअरमधून दगडाची जी लांब कांडी निघते तिला मशीनवर कोअर म्हणतात. कोअर म्हणजे गाभा, हे चंपतरावांनीच घरी सांगितलेलं.

त्यांनी पुस्तक मागितलं. चित्रात कवच, प्रावरण, गाभा असे थर होते.

"हे कवच किती जाड?"

"तीस-चाळीस किलोमीटर. गाभा तर तीन हजारांच्या जवळ सुरू होते, बाबा."

चंपतरावांनी मनाशी हिशेब केला. त्यांचं बोअर अर्धा किलोमीटरही नव्हतं.

"मंग तुमचं न् ताराचंदचं सारखंच झालं की जी," पंचफुला म्हणाली. "काहून जीव जाळून राहिले?"

"सारखं कसं? त्याचं अजून तीनशे नव्वदच आहे."

सोमवारी चंपतरावांना न्यायला कामठीहून जीप आली. चारशे नऊ मीटरवर ताराचंदचा ड्रिलचा रॉड अडकला होता. निघाला नाही तर साहेब बोअर सोडून देणार होते.

"भाऊ, निघत नाही असं तुम्ही म्हटलं तर हे गेलंच," मशीनपाशी ताराचंद म्हणाला.

चंपतरावांनी रॉडवर तळहात ठेवला. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेतली नसती. पण अडकलेला रॉड चंपतरावांना सुटला नाही, असंही मग कामठीत बोललं गेलं असतं. त्यांनी पंप वाढवायला सांगितला आणि रॉड हातानं कणाकणानं फिरवत राहिले. दुपारी तो सुटला.

ताराचंद लिव्हरकडे सरकला.

"थांब गा. आता मी चालवतो."

"काहून, भाऊ?"

"चालवतो म्हटलं ना."

संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत. चारशे तेरावा मीटर पुरा झाल्यावर त्यांनी शिफ्टच्या वहीत त्यापुढे स्वतःचं नाव लिहायला लावलं, आणि मगच चहा घेतला.

घरी त्यांनी जयाला हाक मारली. "बाईले सांग, बाबा गाभा नाही काढत. वरची साल खरडते. पण सर्वांत खाली बाबानंच खरडलं."

ताराचंदचं बोअर पुढे चारशे सदतीसवर थांबलं. हे घरी कळलं ते तीन वर्षांनी, ताराचंदच्याच बायकोकडून.