मारोतीची जर्सी आणि माझी मूठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. उद्या दसरा आहे, आणि आता गप्प बसायचं नाही असं मी ठरवलंय.

पहिल्या महायुद्धात साहेब लोक फौजेत गेले, तेव्हा नागपुरातल्या दोन्ही रग्बी क्लबांनी आम्हा देशी लोकांनाही घेतलं, तरी पंधरा गडी जमेनात. म्हणून आमचा रेल्वेचा क्लब आणि मिलचा क्लब एक करून प्रांताचा संघ काढला. तीनच सामने टिकला तो. का मोडला — ते मला ठाऊक आहे.

रग्बीत स्क्रम असतो. दोन्हीकडचे गडी खाली वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात. पुढच्या रांगेतला मधला गडी पायानं चेंडू मागे ओढतो. त्याचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या सोबत्यांवर. रेल्वेकडून ती मधली जागा माझी होती. संघ एक झाला आणि ती मिलच्या मारोतीला मिळाली; मी त्याच्या उजव्या बाजूचा सोबती झालो. मारोती विणकर, माझ्याहून चपळ — हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग? मी कारकून, चार बुकं शिकलेला, आणि मी त्याची जर्सी मुठीत धरून त्याला सावरायचं?

तिसऱ्या सामन्यात मी मूठ सोडली. सुटली नाही — सोडली. चेंडू हुकावा, त्याची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं असं म्हणू? खरंच तेवढंच होतं का? तो तोंडावर पडला आणि सगळे गडी त्याच्या उजव्या खांद्यावर कोसळले.

दवाखान्यात त्यानं मला एकच विचारलं, "तू त मले धरूनच होता न गा?"

"धरूनच होतो," मी म्हणालो.

त्याचा विश्वास बसला. आपलाच पाय काळ्या मातीत घसरला, असं तो सगळ्यांना सांगू लागला. मिलवाल्यांना धड उभं राहता येत नाही, असं आमचे लोक म्हणाले. मीही मान डोलावली. मिलवाले चिडून निघून गेले, आणि संघ संपला. मारोतीचा खांदा वाकडाच सांधला. मागावरचं काम गेलं, मिलच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसणं आलं.

तेव्हापासून दर दसऱ्याला तो माझ्याकडे सोनं द्यायला येतो. उजवा हात वर होत नाही, म्हणून आपट्याचं पान डाव्या हातानं देतो, आणि वर मलाच म्हणतो, "डावा हात हाये, मनावर घेऊ नको गा." आणि मी ते पान घेतो — इतकी वर्षं घेत आलोय.

उद्या मीच आधी त्याच्या घरी जाणार. त्यानं पान पुढे करायच्या आत सांगणार, मूठ मी सोडली होती. मग ते पान द्यायचं की नाही, ते त्याचं तो बघेल. मी हात पुढे करणार नाही.