शालूने दिलेली वर्षं

फोन आला तेव्हा मी बाजारहत्नूरच्या आमच्या किराणा दुकानात शेंगदाणे तोलत होतो. हैदराबादहून शालूसोबत काम करणाऱ्या एक बाई हिंदीत थांबत थांबत बोलत होत्या. मॅडम प्रयोगशाळेत खुर्चीवरच… पुढचं ऐकू आलं, पण समजलं नाही. गिऱ्हाईक उभं होतं. त्याला शेंगदाणे बांधून दिले आणि मग मी खाली बसलो. माझी धाकटी बहीण गेली होती.

आमचे वडील, बापू, गेले तेव्हा ती शाळेत होती. बापू अंगाने काटकुळे, दारू नाही, तंबाखू नाही, तूप फक्त सणाला. चाळिशीही गाठली नव्हती. कापूस वेचता वेचता छाती धरून बसले ते उठलेच नाहीत. त्याआधी मोठे काका तसेच गेले होते. गाव करणी म्हणालं, आईने अंगारे आणले. शालूने मात्र एकच प्रश्न धरून ठेवला, "जाडे लोक जगून राह्यले, अन् आपले बापूच काऊन गेले?" तो प्रश्न घेऊनच ती आदिलाबादच्या कॉलेजात गेली, तिथून हैदराबादला, आणि रक्तातल्या चरबीच्या संशोधनात रमली.

एका दिवाळीला ती गावी आली असताना मी ओट्यावर पाय पसरून बसलो होतो. तिने माझी टाच हातात घेतली. मागच्या जाड नसेवर गाठ होती. मी ती चपलेची समजत होतो. "दादा, बापूलेबी अशीच होती," ती म्हणाली. मग तिने समजावलं, ती गाठ चरबीची होती. चरबी फक्त ताटातून येत नाही, शरीर ती स्वतःही बनवतं. तिच्यावाचून एक पेशी उभी राहत नाही. उरलेली रक्तातून परत उचलायची, हे यकृताचं काम. "यकृताले दारं असतात. आपल्या घरात अर्धी दारं जन्मापासूनच बंद हायेत. मंग थे चरबी रक्ताच्या नळ्यायमधी साचत राह्यते." गोळीने दारं वाढतात, साचणं मंदावतं. मी गोळी सुरू केली.

तिने अख्ख्या भावकीचं रक्त तपासायला घेतलं. धाकटे सखाराम काका उसळले. "पोरीचं लगन जमून राह्यलं, अन् तू रोग शोधून राह्यली?"

"काका, रोग म्या आणला नाई. मी त्याले नाव देऊन राह्यली."

काकांच्या अंजूच्या रक्तात तेच निघालं. बातमी फुटली, सोयरीक मोडली. काकांनी शालूला दार बंद केलं, मग हळूहळू साऱ्या भावकीने. लग्नाबारशाची बोलावणी थांबली. ती गावात यायची ती फक्त माझ्याकडे, आणि काकांच्या घरावरून जाताना पावलं मंद करायची. कुणी हाक मारली नाही. अंजूने मात्र गोळी सोडली नाही. पुढे तिने होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगून लग्न केलं, आता दोन लेकरांची आई आहे. शालूच्याही रक्तात तेच होतं, पण तिची स्वतःची गोळी उशिरा सुरू झाली होती. "साचू नये म्हणून रोखता येते, दादा. साचलेलं सारं पुसता येत नाई," ती सहज म्हणायची. ती स्वतःबद्दल बोलत होती, हे मला कळत होतं…

तेराव्याला काका काठी टेकत आले. फोटोसमोर बसले. "माह्या पोरीले जिती ठेवली हिनं," ते म्हणाले, "अन् म्या हिले घोटभर चहाबी पाजला नाई."

नंतर मी तिची हैदराबादची खोली आवरायला गेलो. माझी बायको गेल्यापासून आम्ही दोघं रोज फोनवर एकत्र जेवायचो, चेहरे बघत. मी इथे, ती तिथे. तिची बाजू मी कधी पाहिली नव्हती. स्वयंपाकाच्या ओट्यावर मिठाची बरणी होती, तिच्यासमोर एकच स्टूल. ती फोन त्या बरणीला टेकवून ठेवायची. डब्यात मीच पाठवलेलं ज्वारीचं पीठ होतं. मी भाकरी थापली, स्टुलावर बसलो आणि सवयीने फोन बरणीला टेकवला. काळ्या काचेत माझाच चेहरा दिसला. मी मान खाली घातली आणि जेवू लागलो.