भागाबाईची राणी

देवपुरात पांझरा नदीच्या काठी कुंभारांची आळी होती. तिथे भागाबाई राहायची. हातातलं काम संपलं की तिची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत. तिला स्वस्थ बसलेली आळीत कुणी पाहिली नव्हती.

चाकाला बाईने हात लावायचा नाही, ही रीत. चाक नवऱ्याचं, मूर्ती हिच्या. पोळ्याला बैल, भाद्रपदात गणपती आणि पोरी कोजागिरीपर्यंत जिची गाणी म्हणतात ती गुलाबाई. माती कुटायची, चाळायची, भिजवायची, पायांनी तुडवायची, त्यात कापूस घालून पुन्हा मळायची. खांदे भरून येईतो हे करायचं, आणि ठरलेल्या दिवशी सगळं पाण्यात. बैल पाण्यात, गणपती पाण्यात, गुलाबाई पाण्यात. भागाबाई कुणाजवळ बोलली नाही, पण तिला हे सलायचं.

चौतीस साली शालिग्राम मास्तर तिच्या दारात आला. चित्रकलेची मास्तरकी सोडून त्याने मुंबईच्या एका बुडालेल्या मूकपट कंपनीचा कॅमेरा आणला होता. सरकीच्या पडीक गोदामाचे पत्रे काढून वर पांढरं मांजरपाट ताणलं होतं, म्हणजे ऊन गाळून आत यावं आणि सावली पडू नये.

"बाई, मला सिनेमासाठी एक राणी करून द्या," तो म्हणाला. "पण ही विरघळून चालायची नाही. वर्षभर टिकली पाहिजे."

भागाबाईने मजुरी विचारायच्या आधी हो म्हटलं.

राणीचं धड कौतिक सुताराने केलं. सागाची हाडं, सांध्यांना तार. डोकं भागाबाईचं. मातीत मेण आणि एरंडेल घातलं की ती कडक होत नाही, रोज दाबून ओठ हलवता येतात. चेहरा मात्र गुलाबाईचाच उतरला. मोठे डोळे, भरले गाल. हाताला दुसरा ठाऊकच नव्हता.

सिनेमाची गोष्ट साधी होती. राक्षस सूर्य पळवतो, राणी लाकडी घोड्यावरून सातपुड्यावर उडत जाते आणि तो परत आणते. काम साधं नव्हतं. राणीचा हात जवभर उचलायचा, आपला हात काढून घ्यायचा, मास्तर कॅमेऱ्याची मूठ एकदा फिरवून एकच चित्र घेणार. मग पुन्हा जवभर. राणीने मान वळवून हसायचं म्हटलं की सकाळ गेली. ढग आला की उजेड बदलायचा, थांबायचं. शिंक आली तर तोंड दाबून बाहेर पळायचं. वाकून उभं राहायचं, पण टेबलाला टेकायचं नाही. माती तुडवताना निदान अंग मोकळं होतं. इथे अंग आवळून धरण्यातच सगळी ताकद जायची.

"वहिनी, माझ्या घरची राणी दिवसभर बोलते," कौतिक म्हणायचा. "ही दिवसातून एकदा तोंड उघडते. हिलाच घरी नेतो."

"न्या की, कौतिकभाऊ. घोडाही न्या. चारा लागत नाही त्याला."

एका रात्री मास्तरने दार लावून भिंतीवर तुकडा दाखवला. राणीने पापणी उचलली, समोर पाहिलं आणि हसली. कौतिकने टाळी वाजवली. भागाबाई म्हणाली, "पुन्हा दाखवा." मग पुन्हा. पाण्यात न जाणारं असं हे तिचं पहिलं काम. त्या दिवसापासून तिचा जीव गोदामात अडकला. चुलीवर भाकरी करपायची आणि हिच्या मनात राणीची डावी भुवई.

आश्विनात सकाळचा गारवा सुरू झाला, मेण आखडलं आणि राणीच्या ओठाला चीर गेली. कोजागिरीला गोदाम बंद होतं. भागाबाईने डोकं धडावरून उतरवून घरी नेलं. चुलीच्या उबेला माती सैल करून चीर बुजवली आणि मांजराचा हात पोचू नये म्हणून डोकं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. त्याच कोनाड्यात न विकलेल्या गुलाबाया होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाणीवरून माती घेऊन आली. कोनाडा रिकामा. सासू ताईबाई ओट्यावर रिकामी पाटी झटकत होती.

"माय, इथलं डोकं कुठे आहे?"

"बठ्ठ्या गुलाबाया नदीमा बोळवी उनू मी. कोजागिरी व्हई गयी. घरमा ठेवतंस का कोणी?"

"ती गुलाबाई नव्हती, माय! राणी होती!"

"तोंड तं गुलाबाईनंच व्हतं!" ताईबाई म्हणाली. "आनि धड नही तिले. मी म्हटलं, फुटेल शे. फुटेल मूर्ती तं आधी पानीमा सोडो."

यात खोटं काहीच नव्हतं; फुटलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत. भागाबाई नदीकडे पळाली. कौतिकने धोतर खोचून बंधाऱ्यापर्यंत गाळ चाचपला. गुलाबायांची माती पाण्यात केव्हाच पसरली होती. राणी कुठे रेतीत रुतली, ते पांझरेलाच ठाऊक.

मास्तर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "राणी राक्षसाच्या दारात उभी आहे," तो म्हणाला. "दार उघडल्यावर दुसरीच बाई आत गेली तर लोक हसतील. पहिल्यापासून काढायला माझ्याकडे फिल्म नाही. तोच चेहरा आला तर सिनेमा आहे. नाहीतर गोदाम सरकीला."

भागाबाई बसली. तीच माती, तेच मेण, तोच अंगठा. पण वर्षाला नवी गुलाबाई करणारा हात, मागचं धरून ठेवायची त्याला सवय नव्हती. एका डोक्याचे गाल चढले, एकाची हनुवटी बसली. मोडायची, मळायची, पुन्हा बसायची. जेवायला उठली तर अर्ध्या भाकरीवरून परत यायची. नवऱ्याने माठ भाजायला हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. ताईबाई दारात येऊन बघायची आणि पाणी ठेवून जायची.

शेवटी ताजं केलेलं डोकं पदराखाली घेऊन ती मास्तरकडे गेली. "मला तिचा चेहरा नीट दाखवा. भिंतीवर पळतो, हाताला लागत नाही."

मास्तरने फितीचे दोन तुकडे काढले, एक पहिल्या दिवसांतला, एक अलीकडचा. दारात उभं राहून त्याने दोन्ही उन्हापुढे धरले आणि भिंग लावलं. एकावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर नेलं.

"हे बघा," म्हणाला आणि भिंग तिच्या हातात दिलं.

भागाबाईने पाहिलं. पहिल्या तुकड्यातली राणी गोल तोंडाची पोर होती. अलीकडच्या तुकड्यात गालफडं उतरलेली, कपाळ रुंद झालेली बाई. रोज ओठ दाबताना, पापणी उचलताना माती इकडची तिकडे सरकत गेली होती. जवाजवाने.

"मी रोज समोर होतो," मास्तर म्हणाला. "मला दिसलं नाही. म्हणजे बघणाऱ्यालाही दिसणार नाही. दारापाशी राणी पाठमोरी करू. आत जाईल ती थोडी थोराड चालेल. बाई, सुटलो आपण!"

कौतिक मोठ्याने हसला. भागाबाई हसली नाही. तिने भिंग पुन्हा पहिल्या तुकड्यावर धरलं. ती पोर पांझरेत गेली नव्हती. भागाबाईच्याच अंगठ्याखाली, रोज थोडी थोडी, कधीच गेली होती, आणि ही आपली टिकलं म्हणून खूश होती.

"म्हणजे हीही जायचीच," ती म्हणाली.

"कोण?"

शेवटी केलेलं उतरल्या गालांचं डोकं तिने पदराखालून काढलं आणि धडाच्या तारेवर बसवलं. मान नीट फिरते का पाहिलं. राणी दाराकडे तोंड करून उभी राहिली.

"चला, मास्तर," ती म्हणाली. "ऊन वर येतंय."

तिने राणीचा पाय जवभर उचलला, हात काढून घेतला आणि श्वास धरला. मूठ फिरली. पुढच्या खेपेला तिचा अंगठा पायाकडे न जाता उतरलेला गाल भरायला वर गेला. तिने तो मागे ओढला, लुगड्याला पुसला आणि पाय उचलला.