फुकटातला सिम्युलेटर

आमच्या नांदेडच्या पॉलिटेक्निकात सर्किट सिम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरच सर्किट जोडून चालवून बघायचं सॉफ्टवेअर, निवडायचं काम माझ्याकडे आलं. विकतचं घ्यायची कॉलेजची ऐपत नव्हती. पेनड्राइव्हवरून फिरणारं चोरीचं मला नको होतं. तेवढा प्रामाणिक मी आहे आणि ते स्टाफरूममध्ये चारचौघांना ऐकवूनही झालं. फुकट ते पौष्टिक, म्हणून दोन मोफत सॉफ्टवेअर उतरवून बघितली. पहिलं अगदीच रुक्ष. सगळे आकडे टाइप करा आणि मग नुसता आलेख बघा. पण त्यात सप्लायचं व्होल्टेज हवं तसं पाडून बघता यायचं. दुसऱ्यात बल्ब पिवळाधमक पेटायचा, मोटर गरगर फिरायची आणि सप्लाय कायम ठणठणीत. मी दुसरं निवडलं. पोरं खूश, प्राचार्य खूश, आणि मला शिकवायला सोपं. खरं कारण हे शेवटचंच.

तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं त्यावर घरच्या विहिरीसाठी ऑटो स्टार्टर केला. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, पाणी खाली गेलं की बंद. ती लोह्याजवळच्या खेड्यातली. सोल्डरिंग असं करायची की बघत राहावं. असा हात वर्गात एखाद्यालाच असतो. स्क्रीनवर मोटर झोकात फिरली तेव्हा टाळ्या मीच वाजवल्या. "आता घरी बसव," म्हणालो.

मीही लोह्याकडचाच. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या स्टार्टरला ऑटो असतो. लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उचलतात आणि शेतातल्या आखाड्यावरचा बल्ब मिणमिणायला लागतो. हे मी लहानपणापासून बघत आलोय. तरी व्होल्टेज पडलं तर तुझा रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा खटका, काय करील, एवढंही मी तिला विचारलं नाही.

तिनं तो घरी बसवला. व्होल्टेज पडलं तसा रिले कटकट करत चालू-बंद होत राहिला आणि मोटर जळाली. ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी.

सोमवारी ती वडिलांसोबत आली. मी स्पष्ट सांगितलं, "चूक माझी आहे. सॉफ्टवेअर मी चुकीचं निवडलं, आणि न तपासता तिला बसव म्हणालो."

वडील हसले. "आसं कसं, सर? पोरगीच लई उतावळी हाय. तिचे मार्क तेवढे कापू नका." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बघ, सर किती मोठ्या मनाचे हायेत. तुझी चूक सोताच्या अंगावर घेऊन राहिले."

मी पुन्हा समजावू लागलो. मी जितकं सांगावं तितके ते हात जोडायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती मान खाली घालून ऐकत होती. जाताना वाकून माझ्या पाया पडली.

"माफ करा, सर," म्हणाली. "इथून पुढं मी वायरला हात न्हाई लावणार. समदं स्क्रीनवरच करते."